वीसचा बोर्ड

रविवार उजाडला की ज्योत्स्नाच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरकडे न्यावं असलं दुखणं नव्हतं ते. बोरगव्हाणच्या तलावावर अमरावतीकडून गाड्या यायच्या, भातकुलीवरून मोटारसायकली यायच्या, एखाद रविवारी अकोल्याचं अख्खं खटलं जेवणाचे डबे घेऊन यायचं, आणि धक्क्यावर उतरल्याबरोबर सगळ्यांचं एकच विचारणं: "बाई चालवते ते बोट कोनती?" आणि ती बाई म्हणजे ज्योत्स्ना नव्हे. ती बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ, संध्या.

आता चालवत तर ज्योत्स्नाही होती की! प्रकल्पात शेतं गेलेल्या घरांतल्या बायकांनी बचत गट काढला, तलावावरचं बोटिंग घेतलं, त्या पहिल्या दिवसापासून वीस माणसांची मोठी बोट तिच्याच हातात होती. पण ती बोट कशी, तर डुलत डुलत निघणार, बेटाला एक वळसा घालणार आणि डुलत डुलत परत येणार. पोट्टे तिला म्हैस म्हणायचे. "मले म्हशीत नाही बसायचं, लाल बोटीत बसायचं!" असं एखादं कार्टं थेट तिच्या तोंडावर किंचाळायचं आणि त्याची आई कौतुकानं हसायची. लाल बोट म्हणजे सहा जणांची स्पीड बोट. ती संध्याकडे. संध्या गॉगल लावायची, जाकिटाचा पट्टा कचकन ओढायची, आणि एकदा का सुटली की मागे पांढरा फेस आणि बोटीत नुसत्या किंकाळ्या. इकडे म्हशीत चार म्हातारे, दोन गरोदर बायका आणि एक उलटी लागणारा माणूस.

बरं, या संध्याला पाण्यात उतरायला शिकवलं कोणी? ज्योत्स्नानं! अकोल्याच्या जठारपेठेतली पोरगी, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा बोटीची कड दोन्ही हातांनी धरून "ताई, मले उतरवा, मी मरतो ना व ताई" म्हणून रडली होती. ज्योत्स्नानं तिच्या कमरेला ओढणी बांधून तिला पोहायला शिकवलं. इंजिनाची दोरी ओढायला शिकवलं, वारं कुठून असलं की धक्क्याला कुठून लागायचं ते शिकवलं. मग स्पीड बोटीचं सरकारी प्रशिक्षण आलं, गटातून एकच बाई घेणार होते. फॉर्म इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत. संध्या बारावी झालेली, ज्योत्स्नानं नववीतच शाळा सोडलेली. "तूच जाय व," ज्योत्स्ना म्हणाली होती, सगळ्यांसमोर, मोठ्या मनानं. त्या मोठ्या मनाचा तिला पुढे इतका पस्तावा झाला की विचारू नका. संध्या लायसन घेऊन आली, पेपरात तिचा फोटो आला, आणि फोटोखालच्या मजकुरात ज्योत्स्ना कुठे होती, तर "आणि इतर महिला" यात.

तेही तिनं गिळलं असतं. पण खुशी गिळवेना.

खुशी तिची एकुलती एक, तेरा वर्षांची. रविवार आला की ही पोरगी सकाळी सातला तयार, आणि कुठे बसणार, तर लाल बोटीत काकूच्या शेजारी. घरी जेवायला बसली तरी काकूचा जुना गॉगल डोक्यावर. काकू म्हणते असं बोलावं, काकू म्हणते तसं खावं. एकदा ज्योत्स्नानं लाडानं म्हटलं, "ये ना माह्या बोटीत, आज पुढं बसवतो तुले." तर पोरगी सहज बोलून गेली, "तुह्या बोटीत झोप येते, आई." बोलली आणि पोळी खाऊ लागली. नऊ महिने पोटात वागवायचं मी, आणि आदर्श कोण, तर जी पाण्याला भिऊन रडत होती ती!

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. स्वप्निल म्हणाला, "घरातलीच तं हाय, परकी थोडी हाय." पुरुषांना काय कळतं! परकी असती तर एवढं जळलं असतं का?

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा धरणावर बोट उलटली होती, माणसं ओरडत होती. ज्योत्स्नानं तो तीनदा पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी तिनं तो गटाच्या बाराही बायकांना दाखवला, प्रत्येकीच्या घरी जाऊन.

शनिवारी दुपारी गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक बसली. गटाची अध्यक्ष जाईबाई, साठी उलटलेली, पण आवाज असा की तलावाचा सरकारी साहेबसुद्धा तिच्यापुढे सांभाळून बोलायचा. ज्योत्स्ना उठून उभी राहिली.

"मावशी, आपल्या इथं पन एक दिवस असंच होईन. लेकरं लोकाइची जातीन अन नाव आपलं जाईन. लाल बोट लय जोरात चालते. तिच्या वेगाले बंदी पायजे, अन धक्क्यावर बोर्ड पायजे."

बायकांनी माना डोलावल्या. कोण नाही म्हणणार? लेकरांच्या जिवाची गोष्ट होती. ज्योत्स्नाला स्वतःलाही क्षणभर वाटलं की आपल्याला खरंच लेकरांची काळजी आहे.

"ताई, तो व्हिडिओ म्या पन पाह्यला," संध्या म्हणाली. "ते बोट तं उभीच होती, जागेवर. लहान्या बोटीत पंधरा मानसं कोंबली होती अन एकाच्याही आंगात जाकीट नव्हतं. त्या बोटीले वेगाचा बोर्ड लावून काय झालं असतं?"

"वा व! म्हनजे जोरात चालवनं चांगलं?"

"तसं नाही म्हनत मी. मले बंदीचं वाईट नाही वाटत, मावशी. पन आकडा नीट पायजे. ते बोट हळू चालली तं सपाट चालते. लय जोरात गेली तरी सपाट होते, पान्यावर चढून. मधातली चाल वाईट. वीसच्या आसपास तिचं ढुंगन पान्यात बसते अन नाक वर येते. समोरचं दिसतच नाही मले. लाटाही तवाच मोठ्या उठते. दहा करा. नाही तं काठाजवळ अन पायडलच्या बोटींजवळ पाच करा, अन पल्याडचं पानी मोकळं ठेवा."

जाईबाईनं डोकं खाजवलं. "मंग किती लिहू?"

आणि इथेच ज्योत्स्नाची जीभ वळवळली. दहा तर वीसपेक्षा कमीच, लाल बोटीची मजा दहानं पुरती मेली असती, ज्योत्स्नाला तेच तर हवं होतं. पण दहा संध्यानं म्हटलं होतं ना! संध्यानं पाच म्हटलं असतं तर ज्योत्स्नाला पन्नास बरे वाटले असते.

"बोर्ड तयारच हाय," ती म्हणाली. "माह्या भावाकडं."

तिचा भाऊ अश्विन रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. शाळेसमोरच्या रस्त्यावरून काढलेला एक जुना बोर्ड त्याच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडला होता. लाल गोल, मध्ये काळ्या अक्षरात वीस. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला.

"फुकट देईन?" जाईबाईनं विचारलं.

"फुकट."

"मंग वीसच. रंगवायचं कोन बसते!"

"मावशी, पन तो रस्त्याचा हाय," संध्या काकुळतीला आली. "रस्त्यावरच्या गाडीचं नाक वर येत नाही."

"जठारपेठेत शिकली काय हे?" ज्योत्स्ना म्हणाली, आणि बायका खदखदा हसल्या. संध्याचं तोंड एवढंसं झालं. ज्योत्स्नाला तेव्हा असं गार वाटलं, असं गार वाटलं, की वर्षभराची जळजळ शांत झाली. खुशी ओट्याच्या कडेला बसून ऐकत होती, ती मात्र हसली नाही.

बोर्ड लागला. दोन जुन्या लाकडी बल्ल्यांना तारेनं बांधून धक्क्याच्या तोंडाशीच लावला. संध्या बोलणारी असली तरी गटाचं मोडणारी नव्हती. तिनं काटा वीसवर ठेवला तो ठेवलाच. लाल बोट आता नाक आभाळाकडे करून घुर्र घुर्र करत जायची, मागे ही एवढाली लाट. पोट्टे म्हणायचे, हिच्यात मजा नाही. रांग आटली. म्हशीतही कोणी धावत आलं नाही म्हणा, पण ज्योत्स्नाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. संध्याची रांग आटली, तिला तेवढं पुरे होतं.

त्यातही तिचा डोळा लाल बोटीवरून हटत नव्हता. आपल्या बोटीत माणसं असोत नसोत, तिचं लक्ष तिकडे. एकदा तरी संध्या वीसची पंचवीस करील, एकदा तरी पकडीन, आणि जाईबाईपुढे उभी करीन! सहा-सात रविवार तिनं अशी पाळत ठेवली. नाक किती वर आलं म्हणजे किती वेग, मागची लाट कुठे फुटली म्हणजे किती, हे तिला काट्याकडे न पाहता कळायला लागलं. संध्या एकदाही सापडली नाही. सापडत नव्हती म्हणून ज्योत्स्ना आणखीच चिडत होती. लाटांनी म्हैस कधी नव्हे ती हेलकावे खाऊ लागली, तरी ती लोकांना सांगायची, "वारं सुटलं हाय."

आणि खुशी? ती रिकाम्या लाल बोटीतही काकूशेजारीच जाऊन बसायची. उलट आता जास्तच, काकूला वाईट वाटतं म्हणून. हे म्हणजे फारच झालं. ज्योत्स्नानं दुसरी युक्ती काढली. पायडलच्या चार निळ्या बोटी होत्या. पाहुणे त्या बेटावर नेऊन तिथेच सोडायचे आणि येताना मोठ्या बोटीत बसून यायचे. त्या परत आणायला कोणीतरी लागायचंच. "ते काम तुह्यं," तिनं खुशीला सांगितलं. "जाकीट घालून जायचं अन एकेक घेऊन यायचं. लाल बोटीत बसनं बंद." पोरगी फुरंगटली, पण गेली.

डिसेंबरचा तो रविवार. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते, ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलं होतं, डोळे उघडवत नव्हते. ज्योत्स्ना शेवटची फेरी घेऊन बेटावरून निघाली होती. पुढे शंभरेक हातांवर खुशी, निळ्या पायडल बोटीत एकटी, पाठमोरी, पाय मारत धक्क्याकडे चालली होती. आणि पलीकडून लाल बोट वळली, ऊन थेट समोर, नाक वर, सरळ खुशीच्या रोखानं.

ज्योत्स्नाला दिसलं. नाकाखाली निळी बोट झाकली जाताना दिसली. संध्याच्या डोळ्यांसमोर काय असेल तेही त्या क्षणी तिला कळलं: आभाळ, ऊन, आणि बोटीचं लाल टोक. "संध्या! संध्ये!" ती ओरडली. दोन इंजिनांच्या आवाजात कोण ऐकणार! गळ्यातली शिट्टी तिनं अशी फुंकली की छाती फुटते का काय. एकदा, दोनदा. तिसऱ्या शिट्टीला संध्यानं मान वळवली आणि इंजिनाचा वेग एकदम खाली घेतला. नाक धप्पकन खाली आलं, आणि तेव्हा कुठे तिला समोरची पोरगी दिसली. तिनं सगळ्या अंगानं चाक फिरवलं. बोट वळली, पण शेपूट वळता वळता लागलंच. निळी बोट पालथी झाली.

ज्योत्स्नानं सुकाणू कोणाच्या हातात दिलं हे तिला आजही सांगता येत नाही. ती पाण्यात होती एवढं खरं. तिच्याआधी संध्या पाण्यात होती. ज्योत्स्ना हात मारत पोचली तेव्हा खुशी वर आली होती, जाकिटानं वर आणली होती, डावा हात विचित्र लोंबत होता आणि उजवा हात संध्याच्या गळ्यात घट्ट होता. "आई," असं म्हणाली का ती? नाही. "काकू, दुखते," असं म्हणाली. लेकरू जिवंत दिसत होतं, श्वास घेत होतं, रडत होतं, आणि तेवढ्यातही ज्योत्स्नाच्या मनात आलं: हिच्याच गळ्यात! असला विचार आईच्या मनात येऊ नये. पण आला.

अमरावतीच्या दवाखान्यात हात बसवला, प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाला, जाकीट नसतं तर बोलणंच वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाईबाईचा फोन आला. ज्योत्स्ना व्हरांड्यात जाऊन बोलली.

"कशी हाय पोरगी? बरं. आयक. साहेबानं लाल बोटीची किल्ली काढून घेतली. सारं गाव म्हनते, जोरात होती, नाही तं लागली कशी? संध्याले विचारलं तं ते रडूनच राहिली. म्हनते, काट्याकडं पाह्यलं नाही मावशी, मीच जोरात असंन, मीच मारलं असतं लेकराले. उद्या साहेब तुह्यं बयान घेईन. पाहुने तं आपापल्या गावी गेले, पाहनारी तू एकलीच. जे पाह्यलं ते सांग बाप्पा. तिचं लायसन गेलं तं पुढचं लायसन तुलेच, अन ते बोटही तुह्याच हाती येईन."

फोन ठेवून ज्योत्स्ना भिंतीला टेकली. काय करायचं होतं तिला? काहीच नाही. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी पुरत होतं. आरोपी स्वतःच कबूल झाली होती. वर्षभर तिनं जे मागितलं ते सगळं एका दिवसात चालत आलं होतं. आणि तरी चीड कशाची आली, तर चूकसुद्धा तीच घेऊन गेली याची! रडायलासुद्धा पुढे तीच.

ती आत आली. खुशी जागी होती. ज्योत्स्ना खाटेजवळ बसून संत्रं सोलू लागली.

"आई, काकू जोरात होती का?"

संत्र्याची साल अर्धी निघाली होती.

"सारे म्हनून राहिले," खुशी म्हणाली. "मले पाठ होती, मले दिसलं नाही. तुले दिसलं ना? ते जोरात होती का?"

पोरीचे डोळे भरले होते. हे विचारताना तिला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त दुखत होतं, ते आईला दिसत होतं. एक "हो" म्हटलं की संपलं. गॉगल डोक्यावरून उतरेल, "काकू म्हणते" बंद होईल, पोरगी पुन्हा कुशीत येईल. एवढाच तर शब्द. ज्योत्स्नानं तोंड उघडलं सुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "वीसच होती. एक काटा इकडं नाही, एक काटा तिकडं नाही."

"मंग लागली कशी?"

"नाक वर होतं. त्यात ऊन समोर. तिले तू दिसलीच नाही."

"पन काकूनं तं सांगतलं होतं! ओट्यावर सांगतलं होतं, वीस नका करू म्हनून."

"व्हय. सांगतलं होतं."

"तुमी आयकलं काहून नाही?"

"बाकीच्यांचं सोड. म्या आयकलं नाही."

"काहून?"

ज्योत्स्नानं संत्रं खाली ठेवलं. इतक्या दिवसांत हे ती नवऱ्याजवळ बोलली नव्हती, स्वतःजवळही धड बोलली नव्हती. "तू तिच्याजवळ बसत होती म्हनून," ती म्हणाली. "मले जळत होतं. तिची बोट बंद पडावी म्हनून म्या माहा बोर्ड लावला. अन तुले तिच्यापासून तोडावं म्हनून त्या निळ्या बोटीत बसवलं. तिनं नाही धडक मारली तुले, खुशी."

खुशी आईकडे पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच मान भिंतीकडे वळवली. खालच्या रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी चमच्यानं वरण खात होती. ज्योत्स्नानं पोरीच्या केसांवर हात ठेवला, तर पोरीनं डोकं थोडं बाजूला घेतलं.

"काकूले बोलाव," भिंतीकडे पाहतच खुशी म्हणाली. "मले काकू पायजे."

ज्योत्स्ना उठून व्हरांड्यात गेली. नंबर लावला. तिकडे रिंग वाजत होती आणि इकडे तिच्या पोटात जळतच होतं, काल जळत होतं त्याहून जास्त. फोन उचलला गेला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"संध्या," ती म्हणाली, "रडनं बंद कर. उद्या साहेबाले मी सांगतो सारं. तू आताच्या आता निघ. पोरगी तुलेच मागून राहिली."

आणि मग फोन कापून, कोणी बघत नाही असं पाहून, भिंतीकडे तोंड करून ती पोटभर रडली.